ठाण्याची साक्ष

संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या इमारतीत २००८ साली दोन गोष्टी घडल्या. आशिया-पॅसिफिक विभागातर्फे तिथे बोलायला ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी उभ्या राहिल्या. स्वतःची ओळख हिजडा अशी जाहीरपणे सांगणाऱ्या लक्ष्मी या विभागाचं तिथे प्रतिनिधित्व करणाऱ्या पहिल्या तृतीयपंथी व्यक्ती. त्याच वर्षी १८ डिसेंबरला आमसभेत अर्जेंटिनाच्या प्रतिनिधीने ६६ देशांच्या वतीने एक निवेदन वाचून दाखवलं. कुणाचं कुणावर प्रेम आहे, कुणी स्वतःला स्त्री मानतं की पुरुष, एवढ्यावरून माणसांना ठार मारणं, छळणं, तुरुंगात डांबणं थांबलं पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. लगोलग सीरियाने विरोधी निवेदन वाचलं. त्यालाही साठेक देशांचा पाठिंबा होता. भारताची सही दोन्हींवर नव्हती.

ठाण्याची एक नागरिक जगासमोर बोलली आणि तिचा देश गप्प राहिला. पुढची बरीच वर्षं हे असंच चाललं.

समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या हक्कांची भाषा पश्चिमेकडून आली, ती आपल्या मातीतली नाही, असं आपल्याकडे फार सहज बोललं जातं. घटनाक्रम नीट लावून पाहिला की हे टिकत नाही. मार कुणी खाल्ला, कुठे खाल्ला, कुणी मारला, याच्या साक्षी इथून तिकडे गेल्या. तिकडे त्यांची तत्त्वं झाली, आणि ती तत्त्वं हातात घेऊन आपल्याच न्यायाधीशांनी आपल्याच राज्यघटनेचा अर्थ लावला. या येण्याजाण्याच्या वाटेवरचं एक मोठं ठाणं ठाण्यातच आहे.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. कल्याणच्या दक्षिणेला मलंगगडाचा सुळका दिसतो. गडावर हाजी मलंगांचा दर्गा आहे, वहिवाट कल्याणच्या केतकर घराण्याकडे, आणि माघी पौर्णिमेच्या सुमारास भरणाऱ्या जत्रेला हिजडे पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. पायऱ्यापायऱ्यांवर चहाच्या टपऱ्या, पुढे ढोलकी, डोक्यावर चादरीचं तबक घेतलेला गुरू आणि मागे टाळ्यांच्या तालावर नाचत चढणारे चेले. वर्षभर शहराच्या वेगवेगळ्या टोकांना पांगलेली माणसं इथे भेटतात. बाकीची गर्दी त्यांना वाट देते, काही जण वाकून आशीर्वादही घेतात. कल्याणच्या माणसाला हे दृश्य अजिबात नवीन नाही. हीच माणसं परत खाली उतरून स्टेशनात आली की वागणूक बदलते, हेही त्याला ठाऊक असतं.

मराठा राज्यात काही हिजड्यांना ठरावीक गावांतून भिक्षा गोळा करण्याचा हक्क होता, काहींकडे इनामाच्या जमिनी होत्या, आणि त्यामागे सरकारी सनद होती. इंग्रजी अंमल आला तेव्हा ही माणसं आपल्या सनदा घेऊन कचेऱ्यांत गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने हे हक्क पुढच्या चेल्याकडे जाऊ द्यायला नकार दिला. त्यानंतर दोन कायदे आले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ देशभर लागू झालं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातला हिजड्यांच्या नोंदणीचा भाग प्रामुख्याने उत्तरेत लागू होता, पण त्याने पोलिसांच्या डोळ्यांत जो संशय रुजवला तो देशभर पसरला. परदेशातून आलेलं काही असेल तर ते हे होतं.

मराठीत या विषयाला तोंड फुटलं ते र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात. वाचक स्वतःच्या लैंगिक अडचणी लिहून पाठवत, समलिंगी संबंधांविषयीही विचारत, आणि कर्वे सरळ उत्तर देत. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. वाचक प्रश्न विचारतात तर जाणकाराने उत्तर द्यायला हवं, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. या खटल्याची आठवण मला मोलाची वाटते, कारण पंचाहत्तर वर्षांनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात पुन्हा आंबेडकरांचाच आधार घेतला जायचा होता.

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही गावं मधल्या काळात दाट वस्तीची शहरं झाली. रोज सकाळी लाखो माणसं गाडीने मुंबईला जायची आणि रात्री परतायची. समलिंगी मुलामुलींना या येण्याजाण्याचा एक फायदा होता: मुंबईत कुणी ओळखत नसे. घरी मात्र सगळेच ओळखत. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचं नियतकालिक काढलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, त्याचं केंद्र वाकोल्याला. डोंबिवलीच्या मुलाला तिथे जायचं तर दादरला गाडी बदलून सांताक्रूझ गाठावं लागे. तिथे त्याला आपल्यासारखे आणखी आहेत एवढं तरी कळे. परतीच्या वाटेवर काही घडलं तर दाद मागायची सोय नव्हती, कारण तक्रार द्यायची म्हणजे आधी आपण कलम ३७७ चे आरोपी ठरू शकतो हे मान्य करायचं. या कलमाखाली शिक्षा फार थोड्यांना झाल्या. त्याचा खरा उपयोग धमकावून पैसे उकळायला होत होता, आणि उकळणाऱ्यांत कधी गुंड असत तर कधी वर्दीतले.

लक्ष्मींचं बालपण याच ठाण्यात गेलं. घर उत्तर भारतीय ब्राह्मणाचं. मूल मुलगा म्हणून जन्मलं, पण चालणं-बोलणं बायकी. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्यांनी जे सांगितलं ते निकालपत्रात नोंदलेलं आहे: अगदी लहान वयापासून लैंगिक अत्याचार, तोही घरच्या वर्तुळात आणि बाहेर दोन्हीकडे, येताजाता ‘छक्का’, ‘हिजडा’ म्हणून हिणवणं, आणि मनातलं सांगायला कुणीही नसणं. नृत्याने त्यांना उभं राहायला आधार दिला. भरतनाट्यम शिकल्या, शिकवलं. १९९८ मध्ये मुंबईतल्या हिजडा समाजाशी त्यांची गाठ पडली आणि आपण कोण याचं उत्तर त्यांना तिथे सापडलं. रीत घेऊन त्या चेला झाल्या. एरवी चेला झालेला माणूस घर सोडतो, बहुतेक वेळा घरच त्याला सोडतं. लक्ष्मींना घराने टाकलं नाही. त्या ठाण्यात आईवडिलांसोबत राहत राहिल्या. ही गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. ज्याला झोपायला छप्पर आणि पाठीशी आईबाप असतात, तोच पोलीस ठाण्यात ताठ मानेने उभा राहू शकतो.

एड्सच्या साथीने या माणसांसाठी सरकारी कचेऱ्यांची दारं पहिल्यांदा उघडली. जिवावर बेतल्यावर उघडली, हे दुःखच. ठाणे जिल्ह्यात संसर्गाचं प्रमाण मोठं होतं. निरोध वाटायचे, तपासणीला माणसं आणायची, तर त्या समाजातलेच कार्यकर्ते हवेत हे आरोग्य खात्याला कळून चुकलं. २००२ मध्ये लक्ष्मी ‘दाई वेलफेअर सोसायटी’च्या अध्यक्ष झाल्या, हिजड्यांनी स्वतः चालवलेली अशी नोंदणीकृत संस्था दक्षिण आशियात त्याआधी नव्हती. २००७ मध्ये त्यांनी ठाण्यात ‘अस्तित्व’ ही संस्था काढली. मधल्या काळात, २००५ मध्ये, राज्य सरकारने डान्स बार बंद केले. बारमध्ये नाचून पोट भरणाऱ्यांत तृतीयपंथीही होते आणि लक्ष्मी स्वतःही होत्या. त्यांनी बंदीविरुद्ध रस्त्यावर येऊन बोलायला सुरुवात केली.

आरोग्य खातं निरोध वाटायला सांगे आणि पोलीस ते वाटणाऱ्यालाच पकडत. जुलै २००१ मध्ये लखनौत अशाच कामातल्या चौघांना पकडून सात आठवडे डांबून ठेवलं. सांगलीची ‘संग्राम’ संस्था आणि तिच्यासोबतच्या ‘वॅम्प’ या देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या संघटनेतल्या बायकांना निपाणीत काम करताना छळ सोसावा लागला. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २००२ मध्ये आपल्या अहवालात लखनौ आणि निपाणी दोन्हींची नोंद घेतली. साक्ष इथून तिकडे गेली असं मी वर म्हटलं, ते या अर्थाने. निपाणीच्या बाईने काय भोगलं हे न्यूयॉर्कमध्ये छापलं गेलं.

दिल्ली उच्च न्यायालयात एड्सवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशनची कलम ३७७ विरुद्धची याचिका तेव्हा चालू होती, वकील मूळच्या मुंबईच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चे. सरकारची दोन तोंडं तिथे उघड झाली. एड्स नियंत्रण संघटनेने २००६ मध्ये शपथपत्रावर सांगितलं की हे कलम आमच्या कामाच्या आड येतं. गृहखात्याचं म्हणणं, कलम हवंच. ऑगस्ट २००८ मध्ये मेक्सिकोतल्या जागतिक एड्स परिषदेत आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी कलम जायला हवं असं जाहीर सांगितलं. त्याआधीची परिषद २००६ मध्ये टोरांटोत झाली, तिथे लक्ष्मी गेल्या होत्या. १६ ऑगस्ट २००८ ला मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत पहिला ‘क्विअर आझादी’ मोर्चा निघाला.

नोव्हेंबर २००६ मध्ये इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात जगभरचे मानवी हक्कांचे जाणकार जमले. भारतातून मिलून कोठारी होते. नवीन हक्क मागायचे नाहीत, सगळ्या देशांनी आधीच मान्य केलेले हक्क या माणसांनाही लागू होतात एवढंच स्पष्ट लिहायचं, असं ठरलं. त्यातून २९ तत्त्वं तयार झाली: जगण्याचा हक्क, छळापासून संरक्षण, मनमानी अटकेपासून संरक्षण, ‘इलाजा’च्या नावाखाली होणाऱ्या अत्याचारापासून संरक्षण. मार्च २००७ मध्ये ती जिनिव्हात प्रसिद्ध झाली. कुठल्याही सरकारवर ती बंधनकारक नव्हती.

ही तत्त्वं भारतात न्यायालयाच्या दारातून आली. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने नाझ खटल्याचा निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती होते अजित प्रकाश शाह, सोलापूरचे, सोबत न्या. मुरलीधर. निकालात योग्यकर्ता तत्त्वांचा हवाला होता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत मांडलेली संवैधानिक नैतिकतेची कल्पना होती. लोकांना काय रुचतं यापेक्षा घटना काय सांगते ते मोठं. १९३४ मध्ये मुंबईत जे ऐकून घेतलं गेलं नव्हतं, त्याला अखेर न्यायालयाचा कान मिळाला होता.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी हा निकाल फिरवला. या माणसांची संख्या नगण्य आहे आणि परदेशी निकाल डोळे झाकून लागू करता येणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क प्रमुख नवी पिल्ले यांनी हे मागे टाकलेलं पाऊल आहे असं जाहीर केलं. नगण्य संख्या हा युक्तिवाद मला आजही पटत नाही. संख्येने मोठा असणारा स्वतःचं रक्षण बहुतेक वेळा स्वतः करू शकतो. घटनेची गरज लहानालाच जास्त असते. आणि संख्या म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात एकट्या महाराष्ट्रात ४०,८९१ माणसांची नोंद होती, तीही हा रकाना पहिल्यांदाच आलेला असताना आणि घरच्यांच्या देखत उत्तर द्यायचं असताना.

चारच महिन्यांत, १५ एप्रिल २०१४ ला, त्याच न्यायालयातल्या दुसऱ्या खंडपीठाने ‘नालसा’ खटल्याचा निकाल दिला. न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१२ मध्ये ही याचिका केली होती आणि लक्ष्मी त्यात हस्तक्षेप अर्ज करून सामील झाल्या होत्या. त्यांच्यातर्फे बोलले आनंद ग्रोव्हर, नाझ खटल्याचेच वकील.

निकालपत्र वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. कायद्याची चर्चा सुरू होण्याआधी न्यायमूर्तींनी माणसांना बोलू दिलं आहे. ठाण्यातल्या त्या मुलावर काय गुजरलं हे लक्ष्मींच्या स्वतःच्या शब्दांत आधी येतं, आणि मगच आंतरराष्ट्रीय करार, छळविरोधी जाहीरनामे, युरोपातले निकाल, अर्जेंटिनाचा २०१२ चा कायदा हे सगळं एकामागून एक येतं. २००८ मध्ये आमसभेत निवेदन वाचणाऱ्या देशाचा कायदा २०१४ मध्ये दिल्लीत आधाराला आला होता. योग्यकर्ता तत्त्वंही सविस्तर दिली आहेत. देशाचा कायदा जिथे गप्प आहे आणि आंतरराष्ट्रीय तत्त्व घटनेशी सुसंगत आहे, तिथे ते वाचून घ्यायला हरकत नाही, असं न्यायालय म्हणालं. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला मिळाला. पोलिसांकडून होणारा छळ, सार्वजनिक ठिकाणची मारहाण, रुग्णालयातली हाडतूड हे सगळं निकालपत्रात हक्कभंग म्हणून नोंदलं गेलं.

एका माणसाच्या साक्षीवर इतिहास उभा करण्यात धोका असतो, तो इथेही आहे. लक्ष्मी शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, घरच्यांनी जपलेल्या. २०१२ मध्ये त्यांचं ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन आलं आणि मराठी घराघरांत त्या पोचल्या. पुढे त्यांनी किन्नर आखाडा काढला. २०१८ मध्ये अयोध्येच्या मंदिराविषयी त्यांनी घेतलेल्या भूमिकेवर देशभरच्या अनेक तृतीयपंथी कार्यकर्त्यांनी जाहीर हरकत घेतली, आणि ती हरकत समजून घेण्यासारखी होती. जात आणि गरिबी यांचा मार ज्यांना वेगळा बसतो, त्यांचा आवाज वेगळा आहे; दिशा पिंकी शेख यांची कविता वाचली की तो ऐकू येतो. लक्ष्मींची साक्ष मोठी आहे, पण सगळ्यांची नाही.

नालसा निकालानंतर दोन आठवड्यांनी, ३० एप्रिल २०१४ ला, संयुक्त राष्ट्रांनी आपल्या ‘फ्री अँड ईक्वल’ मोहिमेचं हिंदी गाणं मुंबईत प्रसिद्ध केलं. जानेवारी २०१५ मध्ये सरचिटणीस बान की-मून दिल्लीत कलम ३७७ विरुद्ध बोलून गेले. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या सवलती काढून घ्या, असा ठराव रशियाने आणला तेव्हा भारताने रशियाच्या बाजूने मत दिलं. ठराव ४३ विरुद्ध ८० मतांनी पडला. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मानवी हक्क परिषदेत हिंसाचाराविरुद्धचा ठराव आला तेव्हा भारत तटस्थ होता. जून २०१६ मध्ये या विषयावर स्वतंत्र तज्ज्ञ नेमायचा ठराव २३ विरुद्ध १८ मतांनी मंजूर झाला, तेव्हाही तटस्थच. त्या पदावर आलेले पहिले तज्ज्ञ थायलंडचे विटिट मुंतरभोर्न, योग्यकर्ता बैठकीचे सहअध्यक्ष. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं काम मान्य केलं, त्या देशाने त्यांच्या नेमणुकीसाठी हात वर केला नाही. याचं मला वाईट वाटतं.

६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीने असलेले संबंध वगळले. त्या निकालात न्या. नरिमन यांनी एक वेगळा आदेश दिला, ज्याची चर्चा फारशी होत नाही: निकालाला वारंवार प्रसिद्धी द्या आणि सरकारी अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, नियमित प्रशिक्षण द्या. हिंसा थांबायची ती तिथेच थांबणार होती.

कल्याण स्टेशनात हिंसा थांबवणं सोपं नाही. रेल्वेच्या हद्दीत लोहमार्ग पोलीस, बाहेर पाऊल टाकलं की शहर पोलीस. ठाणे आयुक्तालयाचा पसारा ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ एवढा मोठा. पुलावर मारहाण झाली तर हद्द कुणाची, इथून सुरुवात होते. डब्यात मंगती मागणाऱ्या तृतीयपंथीवर रेल्वे कायद्याचं कलम १४४ केव्हाही लागू शकत असे, त्यामुळे मार खाल्लेला माणूस तक्रारदार म्हणून उभा राहण्याआधी आरोपी होई. डोंबिवलीतल्या समलिंगी तरुणाला मोबाइलवरच्या ओळखीतून बोलावून लुटलं, तर त्याला आता कलम ३७७ ची भीती नाही, पण घरी कळण्याची आहे, आणि उकळणारा त्याच भीतीवर पैसे घेतो.

२०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्यानुसार कल्याण-डोंबिवलीच्या माणसाने ओळखपत्रासाठी ठाण्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. न्यायालयाने ज्याची त्याला दिलेली ओळख अशी पुन्हा कचेरीकडे गेली, म्हणून देशभर निदर्शनं झाली. याच कायद्याच्या कलम १८ मध्ये तृतीयपंथी व्यक्तीवरच्या अत्याचाराला, लैंगिक अत्याचार धरून, सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा ठेवली गेली. स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान शिक्षा दहा वर्षं.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम ३७७ नाही. पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर जबरदस्ती झाली तर लागणारा त्या कलमाचा उरलेला, उपयोगी भागही त्यासोबत गेला. तो ठेवा, अशी शिफारस संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये केली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सहा महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा हे काम संसदेचं आहे असं सांगून न्यायालयाने याचिका ऐकायला नकार दिला.